ओव्हरक्लॉक केल्यावर आवाज तडतडतोय? बायोस उघडण्याआधी कान लावा

प्रोसेसर आणि रॅमचा वेग वाढवला, स्ट्रेस टेस्ट रात्रभर चालली, सकाळी पडद्यावर एकही चूक नाही. खुशीत हेडफोन लावले, तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि दहा-बारा सेकंदांनी कानात एक बारीक 'टिच्'. थोड्या वेळाने पुन्हा 'टिच्'. माझ्याकडे हे अगदी असंच झालं, आणि पहिले दोन दिवस मी आवाजाचा ड्रायव्हर काढ-घाल करण्यात घालवले. ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता. रॅमसोबत प्रोसेसरच्या आतली जोडवाहिनीही मी झेपेल त्यापेक्षा जास्त पळवत होतो. स्ट्रेस टेस्टला ते दिसलं नाही, कानाला ऐकू आलं.

तेव्हापासून मी ओव्हरक्लॉकिंगला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला सांगतो की मशीन स्थिर आहे की नाही याची पहिली साक्ष आवाज देतो. फाइल कॉपी होताना एखादा तुकडा चुकला तर संगणक तो पुन्हा मागून घेतो, तुम्हाला पत्ता लागत नाही. खेळात एखादी फ्रेम उशिरा आली तरी डोळा सांभाळून घेतो. आवाजाला ही सवलत नाही. ४८ किलोहर्ट्झवर दर सेकंदाला आवाजाच्या लाटेचे ४८,००० मोजलेले आकडे, म्हणजे नमुने, कोडेकला (त्यांचा आवाज करणाऱ्या बोर्डावरच्या चिपला) मिळावेच लागतात, म्हणजे एका नमुन्यासाठी जेमतेम २०.८ मायक्रोसेकंद. विंडोज साधारणपणे १० मिलिसेकंदांचा, म्हणजे ४८० नमुन्यांचा घास एका वेळी भरवतं. पुढचा घास वेळेत आला नाही की आवाजात खड्डा पडतो आणि त्या खड्ड्याच्या कडा आपल्याला 'टिच्' म्हणून ऐकू येतात.

दोन वेग, दोन वेगळे परिणाम

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ मांडणीच्या पडद्यावर, शिरण्याआधी एवढं समजून घ्या. आजच्या प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ घड्याळ गुणिले गुणक. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ४५ असेल तर वेग ४,५०० मेगाहर्ट्झ. गुणक ४६ केला तर फक्त प्रोसेसरचे कोअर जोरात पळतात, बाकीच्या घराला त्याची झळ लागत नाही. मूळ घड्याळ १०० चं १०२ केलं तर मात्र त्याला बांधलेलं सगळंच सोबत पळतं, आणि काय काय बांधलेलं आहे हे मदरबोर्डवर अवलंबून असतं. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डं जोडणारी वाहिनी) आणि चिपसेटकडे (बोर्डावरच्या मदतनीस चिपकडे) जाणारी वाहिनी याच घड्याळावर होती, म्हणून तिथे तीन-चार टक्क्यांपुढे गाडी सरकत नसे. २०१५ च्या स्कायलेकमध्ये इंटेलने ही गाठ सोडवली. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर बहुतेक ठिकाणी ती अजून बांधलेलीच आहे.

हा प्रकार जुनाच आहे. १९९८ च्या सेलेरॉन ३०० ए ची गोष्ट ओव्हरक्लॉकिंगवाले आजही काढतात. मूळ बस (तेव्हाचं मूळ घड्याळ) ६६ मेगाहर्ट्झ, गुणक ४.५. बस १०० वर नेली की प्रोसेसर थेट ४५०. गंमत अशी की बस ८३ वर ठेवून मिळणारे ३७४ हे साउंड कार्ड आणि हार्ड डिस्कसाठी ४५० पेक्षा जास्त धोक्याचे होते. कारण पीसीआय बसचा वेग मुख्य बसला भागून काढला जाई. १०० ला ३ ने भागलं की ३३.३, अगदी नियमाप्रमाणे. ८३ ला २ ने भागलं की ४१.५, म्हणजे पीसीआयवर बसलेला प्रत्येक जण नियमापेक्षा जवळजवळ २५ टक्के जोरात हाकला जायचा. प्रोसेसर मजेत असायचा आणि साउंड कार्ड गप्प व्हायचं. तुमच्या हातात असा जुना बोर्ड असेल तर बायोसमध्ये पीसीआय आणि एजीपीचा (ग्राफिक्स कार्डाच्या जुन्या जोडणीचा) वेग ३३ आणि ६६ वर कुलूपबंद करण्याची सोय आहे का, ते सगळ्यात आधी बघा.

पहिली पायरी: मूळ वेगावर ऐका

हीच पायरी सगळे गाळतात. बायोसमधली आत्ताची मांडणी प्रोफाइल म्हणून साठवा आणि मग सगळं मूळ स्थितीला आणा. रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइलही बंद करा. ते बायोसमध्ये तयार मिळतं म्हणून लोक त्याला ओव्हरक्लॉक मानत नाहीत, पण ते ओव्हरक्लॉकच आहे.

आता दोन गोष्टी ऐका. एक, सलग सूर. तानपुरा उत्तम, नाहीतर ४४० हर्ट्झचा साधा टोन. ढोल-ताशाच्या गाण्यात शंभर टिचटिच लपतात, सलग सुरात एकही लपत नाही. आवाज बेताचा ठेवा आणि वीस मिनिटं चालू द्या. त्या वेळात मोठी फाइल कॉपी करा, व्हिडिओ लावा, काहीतरी जड काम चालवा. दोन, शांतता. काहीच वाजत नसताना आवाज पूर्ण वर न्या, हेडफोन कानापासून लांब धरून ऐका आणि माउस हलवा, लांबलचक पान वरखाली सरकवा. हेडफोन कानावर ठेवून हा प्रयोग करू नका. नेमकी त्याच वेळी एखादी सूचना 'टिंग' करून वाजली तर कान दुखतील.

मूळ वेगावरही तडतड येत असेल तर ओव्हरक्लॉकला दोष देऊन उपयोग नाही. आणि गाणं सुरू होताना एकदाच 'टक्' होऊन पुढे सगळं स्वच्छ असेल तर तो बहुधा दोषच नसतो. वीज वाचवायला झोपलेला कोडेक जागा होतो, त्याचा तो आवाज.

दुसरी पायरी: आवाज कसला, ते ठरवा

सगळ्या खरखरीला एकच औषध नसतं. मी चार जाती करतो. तुटक तडतड किंवा टिचटिच. कामाच्या ताणाबरोबर बदलणारी शिट्टी किंवा गुणगुण. सूर किंवा वेग बदललेला आवाज. आणि आवाज पूर्ण गायब. पहिल्या दोन जातींची सगळ्यात जास्त गल्लत होते. लोक शिट्टीवर ड्रायव्हर बदलतात आणि टिचटिचीवर नवं डीएसी (आकड्यांचा आवाज करणारं वेगळं उपकरण) विकत आणतात, दोन्ही पैसे-वेळ पाण्यात. टिचटिच म्हणजे माहिती उशिरा किंवा चुकीची पोचली. शिट्टी म्हणजे माहिती बरोबर पोचली, पण त्यानंतर तारेत वीज मिसळली.

तुटक तडतड

आवाजाचे नमुने आधी रॅममध्ये असतात. तिथून ध्वनी-नियंत्रक ते उचलतो आणि बोर्डावरच्या कोडेककडे पाठवतो. इंटेलच्या बोर्डांवर हा नियंत्रक सहसा चिपसेटमध्ये असतो, एएमडीच्या एएम४ वरच्या रायझन प्रोसेसरमध्ये तो प्रोसेसरच्या आतच असतो. म्हणजे रायझनवर रॅम आणि नियंत्रक यांच्यामध्ये इन्फिनिटी फॅब्रिक नावाची जोडवाहिनी येते, आणि रॅमचा वेग वाढवताना आपण नकळत तिलाही पळवतो. डीडीआर४ रॅम ३८०० वर (तिचं खरं घड्याळ याच्या निम्मं असतं) आणि फॅब्रिक त्या घड्याळाबरोबर एकास एक ठेवलं तर फॅब्रिक १९०० मेगाहर्ट्झवर येतं. काही प्रोसेसर तिथे मजेत राहतात, काही नाही. जे राहत नाहीत ते लगेच कोसळतही नाहीत. जोडवाहिनीत चूक होते, ती पकडली जाते, दुरुस्त होते, आणि त्या दुरुस्तीत थोडा वेळ जातो. प्रोसेसरच्या गणिताला तो वेळ नगण्य. आवाजाच्या घासाला तो कधीकधी पुरेसा असतो.

याचा पुरावा विंडोज स्वतः लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टिमवर जा आणि स्रोत म्हणून डब्ल्यूएचईए-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग) शोधा. क्रमांक १९ म्हणजे प्रोसेसरच्या बाजूची दुरुस्त झालेली चूक, बस किंवा जोडवाहिनीतली. क्रमांक १७ बहुधा पीसीआय एक्सप्रेसकडे बोट दाखवतो. क्रमांक १८ दिसला तर तडतडीची काळजी सोडा, ती जीवघेणी चूक आहे आणि मशीन तेव्हा बहुधा बंद पडून पुन्हा सुरू झालेलं असतं. माझ्याकडे रात्रभराच्या 'यशस्वी' चाचणीत १९ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. मी ती खिडकी उघडलीच नव्हती.

नोंद सापडली की उलट्या क्रमाने उतरा. आधी मूळ घड्याळ १०० वर. मग फॅब्रिक एक पायरी खाली आणि त्याच्या जोडीने रॅमही. माझं १९०० चं १८६६ केलं, रॅम ३७३३ वर आली, तडतड तिथेच थांबली. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तोच वीस मिनिटांचा सूर ऐका. तीन गोष्टी एकदम बदलून आवाज सुधारला तर कशाने सुधारला हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरुवात.

फॅब्रिक सावरायला एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या कोअरबाहेरच्या भागाचं व्होल्टेज) वाढवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. थोडंसं वाढवून फरक पडतो हे खरं, पण इथे हात आखडता ठेवा. २०२३ मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने त्या मालिकेसाठी हे व्होल्टेज १.३ वर बांधून टाकलं. तडतड घालवायला प्रोसेसर पणाला लावण्यात अर्थ नाही. ३४ मेगाहर्ट्झ सोडून दिले तर रोजच्या वापरात कुणालाही कळत नाही.

नोंदींमध्ये काहीच नसेल तर लेटन्सीमॉन चालवा. ड्रायव्हर एका दमात प्रोसेसर किती मायक्रोसेकंद अडवून ठेवतात ते हे छोटं साधन दाखवतं. मूळ वेगावर दहा मिनिटं आणि ओव्हरक्लॉकवर दहा मिनिटं चालवून आकडे शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडे एकाच ड्रायव्हरचा आकडा हजाराच्या वर जात असेल तर तो ड्रायव्हर अपराधी आहे, बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचा किंवा नेटवर्कचा. आणखी एक अपराधी कुणाच्या लक्षात येत नाही: तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर, दिव्यांचे रंग बदलणारं सॉफ्टवेअर. ओव्हरक्लॉक केल्यावर आपण कौतुकाने आकडे बघत बसतो, आणि दर सेकंदाला बोर्डावरचे सेन्सर विचारत बसणारी ती खिडकीच मशीनला उचक्या देते. ती बंद करून ऐका. मी दोनदा असा फसलोय.

रॅममध्ये खरोखरची न पकडलेली चूक असेल तर टिचटिच वेगळी वाटते, एकदम टोकदार. १६ बिटांचा नमुना उणे ३२,७६८ ते ३२,७६७ या पट्ट्यात असतो. त्यातला वरचा एक बिट उलटला की हळुवार लाटेच्या मधोमध एक खिळा उभा राहतो. असा आवाज आला तर सूर ऐकणं थांबवा आणि रॅमची चाचणी लावा, कारण जो खिळा गाण्यात बसला तो उद्या तुमच्या कागदपत्रांतही बसेल.

शिट्टी आणि गुणगुण

आता विजेची बाजू. प्रोसेसर किती वीज खातो हे ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग असं धरता येतं. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे १.३३. वेगात दहावा हिस्सा मिळाला आणि विजेत तिसरा हिस्सा गेला. ही वीज प्रोसेसरभोवतीच्या व्होल्टेज नियामकातून जाते. तो सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतो, आणि आपल्याला २० किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज थेट कानावर येत नाही. पण प्रोसेसरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा ताण सेकंदाला शंभर, हजार वेळा वरखाली होतो तेव्हा विजेची मागणीही त्याच तालावर हलते, आणि तो ताल थेट आपल्या ऐकण्याच्या पट्ट्यात पडतो. खेळाच्या मेनूत फ्रेम्सचा आकडा हजारावर गेला की शिट्टी येते, खेळ सुरू झाला की खर्जात उतरते, ती यामुळे.

इथे एक सोपी कसोटी आहे. हेडफोनची पिन काढा. शिट्टी तरीही येतेय? मग ती कॅबिनेटमधल्या कॉइल्सची प्रत्यक्ष थरथर आहे, तुमच्या ध्वनी-कोडेकचा तिच्याशी संबंध नाही. फ्रेम्सवर मर्यादा घाला, व्होल्टेज थोडं उतरवा, बस्स. पिन काढल्यावर शिट्टी थांबली तर ती तारेतून येत होती.

तारेतून येणाऱ्या शिट्टीसाठी पहिलं काम म्हणजे हेडफोन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकची तार कॅबिनेटमधून, बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालून, बोर्डाच्या कोपऱ्यापर्यंत फिरून येते आणि वाटेतला सगळा गोंगाट गोळा करते. ती कार्डापासून आणि वीजपुरवठ्याच्या जाड तारांपासून लांब वळवली तरी फरक जाणवतो. बोर्डावर डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक बारीक रेषा कोरलेली दिसते, काही बोर्डांवर तिच्यात दिवेही असतात. दिवे शोभेचे, रेषा कामाची: ध्वनीचा भाग बाकी बोर्डापासून वेगळा ठेवायला तांबं तिथे तोडलेलं असतं. रिअलटेकच्या एएलसी १२२० सारख्या कोडेकच्या माहितीपत्रकात आवाज आणि गोंगाट यांचं १२० डेसिबलचं गुणोत्तर लिहिलेलं असतं. तो आकडा कोडेकचा. तुमच्या बोर्डावर, तुमच्या व्होल्टेजवर, तुमच्या पुढच्या जॅकमधून तेवढा मिळेल असं कुणी म्हटलेलं नाही.

मागच्या जॅकवरही गुणगुण राहिली तर बाहेरचं यूएसबी डीएसी किंवा प्रकाशतंतूची ऑप्टिकल जोडणी हा खरा उपाय. ऑप्टिकलमधून वीज जातच नाही, त्यामुळे जमिनीच्या तारेचा गोंगाटही जात नाही. यूएसबीमधून जातो, म्हणून यूएसबी डीएसीवर कधीकधी तीच गुणगुण मागे मागे येते. पण हे उपाय फक्त शिट्टीसाठी. टिचटिच तशीच राहील, कारण घास उशिरा येतोय आणि ताट बदलून तो लवकर येत नाही. काही नव्या बोर्डांवरचा एएलसी ४०८० हा कोडेक दिसायला बोर्डावरचा असला तरी आतून यूएसबीनेच जोडलेला असतो. तिथे यूएसबी डळमळली की आवाज जातो, हेही लक्षात असू द्या.

सूर चढला किंवा आवाज गायब झाला

सूर बदलण्याचा प्रकार आजच्या बोर्डांवर क्वचितच दिसतो. २००४ नंतरच्या एचडी ऑडिओ या पद्धतीत नियंत्रक आणि कोडेक यांच्यातल्या दुव्याचं स्वतःचं २४ मेगाहर्ट्झचं घड्याळ असतं, त्याआधीच्या एसी ९७ पद्धतीत कोडेकला सहसा २४.५७६ मेगाहर्ट्झचा स्फटिक असे. तरी काही जुन्या बोर्डांवर कोडेकला भलतंच घड्याळ मिळायचं. लिनक्सच्या इंटेल एसी ९७ ड्रायव्हरमध्ये त्यासाठी घड्याळाचा आकडा हाताने द्यायची सोय आहे आणि मार्गदर्शिकेत ४११९४ हा विचित्र आकडा दिलेला आहे. ४८,००० ला त्याने भागा, १.१६५ येतं. १४.३१८ ला १२.२८८ ने भागा, तेच येतं. म्हणजे दुव्याच्या १२.२८८ मेगाहर्ट्झच्या (२४.५७६ च्या निम्म्या) घड्याळाच्या जागी बोर्डावरचं १४.३१८ चं घड्याळ जोडलेलं. पांढरी एकचा गायक अशा मशीनवर पांढरी दोन ओलांडून काळी दोनच्या उंबऱ्याशी जाऊन गातो. नव्या मशीनवर सूर चढलेला वाटला तर आधी ध्वनीच्या मांडणीत ४४,१०० आणि ४८,००० चा घोळ आहे का ते बघा.

आवाज गायब झाला तर मूळ वेगावर परत या, बायोसमध्ये एचडी ऑडिओ नियंत्रक चालू आहे याची खात्री करा, मशीन पूर्ण बंद करून वीजपुरवठा मिनिटभर तोडा. फक्त रीस्टार्ट करून अडकलेला कोडेक प्रत्येक वेळी सुटत नाही. आणि आवाज मॉनिटरमधून, एचडीएमआयने जात असेल तर बोर्ड सोडून मॉनिटरकडे बघा: एचडीएमआयत ध्वनीची पाकिटं चित्राच्या ओळींमधल्या मोकळ्या वेळात जातात. मॉनिटरचा रिफ्रेश दर ओढूनताणून वाढवताना तो मोकळा वेळ फार कापला की चित्र झकास आणि आवाज नाही.

बसलेली घडी टिकवताना

सूर स्वच्छ ऐकू आला की बायोसचं प्रोफाइल नाव देऊन साठवा आणि महत्त्वाचे आकडे कागदावर लिहा. बायोस अपडेट केलं की साठवलेली प्रोफाइल बहुतेकदा पुसली जातात, आणि नवं बायोस रॅमची जुळणी आपल्या पद्धतीने नव्याने करतं. मागच्या बायोसवर निवांत चाललेले आकडे पुढच्यावर चालतीलच असं नाही. म्हणून अपडेटनंतर खेळ उघडण्याआधी मी तानपुरा लावतो आणि वीस मिनिटं दुसरं काम करतो. परवाच्या अपडेटनंतर चौदाव्या मिनिटाला एक 'टिच्' आली. १८६६ चं १८३३ केलं.